साडूंची क्युवेट

दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत काम करत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. थोरलीचा नवरा मातीवर संशोधन करायचा, धाकटीचा साबणावर. त्यांची खरी नावं दारावरच्या पाट्यांपुरती उरली होती. एरवी सगळ्यांना ठाऊक होते ते मातीवाले सर आणि साबणवाले सर.

अबोल्याचं कारण ऐकून लोक आधी हसायचे आणि मग हसू दाबायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिषदेत मातीवाल्यांचं भाषण झालं. त्यांच्या मातीत सोडलेले रेणू उजळायला हवे होते, ते उजळले नाहीत, आणि हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. पुढचं भाषण साबणवाल्यांचं. ते व्यासपीठावर चढले, माईक जवळ ओढला आणि म्हणाले, "आमच्या साडूंनी आज सगळ्यांसमक्ष माती खाल्ली!"

सभागृह खदाखदा हसलं. साबणवाल्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना विनोद सुचला की तो पोटात राहत नसे, एवढंच. पण मातीवाल्यांना तो जिव्हारी लागला. परतीच्या प्रवासात ते तोंड फिरवून बसले ते बसलेच.

तेव्हापासून सगळे निरोप बायकांमार्फत जायचे. मातीवाल्यांनी घरी येऊन थोरलीला सांगायचं, "त्यांना म्हणावं, सिंकचा नळ नीट बंद करत जा. कॉरिडॉरभर तळं साचतं." थोरलीने धाकटीला फोन करायचा. धाकटीने त्यातला तिखटपणा काढून टाकून नवऱ्याच्या कानावर घालायचं. समोरच्या खोलीत पोचायला निरोपाला अख्खं गाव फिरून यावं लागायचं.

दोघांच्या मधे एकच गोष्ट सामायिक होती, ती म्हणजे कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतलं यंत्र. एखादा पदार्थ किती उजळतो आणि कुठल्या रंगात उजळतो, हे ते मोजायचं. त्या खोलीवर यंत्रवाल्या बाईंचं राज्य होतं. संचालकसुद्धा तिथे चपला बाहेर काढून शिरायचे. बाईंनी दोघा साडूंची वाटणी करून दिली होती. सकाळ मातीची, दुपार साबणाची, आणि मधे जेवणाची सुट्टी, म्हणजे दोघांची दारात टक्कर व्हायला नको.

या दोघांचं नेमकं काय चालायचं, तेही सांगायला हवं. पायरीन नावाचा एक पदार्थ आहे. चार षटकोनी कड्या एकमेकींना चिकटून बसाव्यात तसा त्याचा सपाट रेणू. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश टाकला, की तो रेणू स्वतःच जांभळट निळा उजळतो. आणि दोन रेणू अगदी अंगाला अंग लावून असले, तर तोच उजेड हिरवट निळा होतो. एवढ्या खुणेवरून ते एकेकटे आहेत की दाटीवाटीने, हे ओळखता येतं. पायरीनला पाण्याचा मोठा तिटकारा. साबणवाले त्याला साबणाच्या पाण्यात सोडायचे. पाण्यात पुरेसा साबण झाला, की साबणाचे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोल घोळका करून राहतात. त्याला मिसेल म्हणतात. त्या घोळक्याच्या पोटात पायरीन शिरतं आणि सुखाने उजळत बसतं.

मातीवाल्यांना तेच मातीत करून दाखवायचं होतं. त्यांची माती अंगणातली नव्हे. ती पांढुरकी, मऊसूत आणि कागदाच्या गठ्ठ्यासारखी पान-पान असलेली. पाणी प्यायली की तिची पानं सुटी व्हायची आणि ती फुगायची. त्या पानांच्या मधे पायरीन बसवायचं, हा त्यांचा ध्यास होता. पण माती ओली आणि पायरीनला ओलं नको. ते काही केल्या आत शिरत नव्हतं. मातीवाल्यांनी माती धुतली, गाळली, वाळवली, पुन्हा भिजवली. यंत्राच्या पडद्यावरची रेघ रोज जेमतेम मान वर करायची आणि पुन्हा आडवी पडायची.

एके सकाळी त्यांच्या हातून क्युवेट निसटली. क्युवेट म्हणजे चौकोनी, बोटभर उंचीची कुपी. साध्या काचेत अतिनील प्रकाश अडतो, म्हणून ती क्वार्ट्झची असते आणि जीव मुठीत धरूनच हाताळायची असते. ती फरशीवर पडली आणि तिचा चक्काचूर झाला. नवी मागवायची तर यायला अवकाश होता, आणि मातीचा नमुना तर त्याच सकाळी तयार झालेला.

यंत्रवाल्या बाई चहाला गेल्या होत्या. यंत्राच्या खोलीतल्याच सिंकजवळच्या जाळीवर साबणवाल्यांची क्युवेट उभी होती. मातीवाल्यांनी दाराकडे पाहिलं, क्युवेटकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. विचारायचं तर बायकोला फोन करावा लागणार, बायको तिच्या बहिणीला करणार, तोवर दुपार होणार. "उसनी घेतोय," ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी ती उचलली. तळाशी थेंबभर पाणी राहिलं होतं. साबणवाल्यांची कामं नेहमी अशीच, घाईगर्दीची. मातीवाल्यांनी ती एकदा झटकली आणि आपला नमुना ओतला.

यंत्राने मोजायला सुरुवात केली आणि पडद्यावरची रेघ उठली. रोज मान वर करायची तशी नाही, तर चढावर जोर लावून चढावी तशी. आधी जांभळटाकडे एक सुळका, आणि मग हिरव्याकडे एक मोठा, गुबगुबीत उंचवटा.

"आई गं!" मातीवाले एवढ्या जोरात ओरडले की यंत्रवाल्या बाई कप हातात घेऊन धावत आल्या.

"काय झालं सर? शॉक बसला का?"

"बसला," मातीवाले म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. "चांगला सणसणीत बसला."

त्या दिवशी ते जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. ज्या मातीने इतकी वर्षं त्यांना दाद दिली नव्हती, ती अखेर पावली होती. घरी जाऊन थोरलीला सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आधी खात्री करावी म्हणून ते गप्प बसले, आणि तेच बरं झालं. कारण दुसऱ्या सकाळी तीच क्युवेट पुन्हा उसनी घेऊन, नीट खंगाळून त्यांनी ताजा नमुना ओतला, तर रेघ थोडीशी उठली आणि दमून बसली. पुढे त्यांची स्वतःची कोरी क्युवेट आली. तिच्यात रेघ उठलीच नाही.

मातीवाले स्टुलावर बसून राहिले. माती तीच, पायरीन तेच, यंत्र तेच. बदललं होतं काय? क्युवेट. आणि क्युवेटमधे होतं काय? त्यांनी कपाळावर हात मारला. तो थेंब! तो पाण्याचा थेंब नव्हताच. साबणवाल्यांच्या क्युवेटमधे दुसरं काय असणार?

आता मोठीच पंचाईत झाली. साबणवाल्यांच्या कपाटात साबणांची वरात होती. काहींच्या डोक्यावर धन भार, काहींच्या ऋण, काहींच्या कुठलाच नाही. त्यातला कुठला होता, किती होता, हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला विचारायचं म्हणजे आधी चोरी कबूल करायची. "उसनी" हा शब्द आता त्यांच्याच्याने स्वतःशीही म्हणवेना.

संध्याकाळी ते चहा ढवळत बसले होते. थोरली बराच वेळ बघत होती.

"अहो, साखर घातलेली नाही. काय ढवळताय?"

"अं? काही नाही."

"काही नाही कसं? त्या दिवशी पोळीसारखे फुलून आला होतात, आज पंक्चर होऊन आलात. यंत्र बिघडलं का?"

"यंत्र ठणठणीत आहे."

"मग तुम्ही बिघडलात." थोरलीने त्यांच्यापुढचा कप ओढून घेतला, त्यात साखर घातली आणि परत सरकवला. "आमच्या छोटीकडेही हेच चाललंय म्हणे. दुपारी फोन आला होता. तिच्या नवऱ्याला झोप नाही, जेवण नाही. दिवसभर 'हिरवं कुठून आलं, हिरवं कुठून आलं' म्हणत घरभर फिरतायत. तिने फ्रिजमधल्या सगळ्या भाज्या तपासल्या."

मातीवाल्यांच्या हातातला चमचा बशीत पडला.

"काय म्हणतायत ते? हिरवं? कशात हिरवं?"

"मला काय कळतंय? पाण्यात म्हणे साबण नावालाच होता. घोळका व्हायलासुद्धा पुरणार नाही इतका. तरी हिरवं दिसलं. एकदाच. मग पुन्हा दिसेना."

मातीवाल्यांच्या डोळ्यांसमोर ती सकाळ उभी राहिली. बाईंची पाठ वळताच त्यांनी घाईघाईने क्युवेट रिकामी केली होती आणि तशीच जाळीवर ठेवून दिली होती. म्हणजे त्यांच्या मातीत साबण गेला, तशी साबणवाल्यांच्या साबणात माती गेली होती! कॉरिडॉरच्या दोन बाजूंना दोन माणसं एकाच कोड्याची दोन टोकं धरून बसली होती. ते खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि हसायला लागले. हसताहसता ठसका लागला. थोरलीने पाठीवर थापट्या मारत सगळी हकीकत त्यांच्या तोंडून काढून घेतली, आणि मग तिचीच हसून पुरेवाट झाली.

"या वयात चोऱ्या करायला लागलात?" डोळे पुसत ती म्हणाली.

"उसनी घेतली होती."

"मग आता जाऊन सांगा."

"मी? तूच छोटीला फोन कर ना. तिला म्हणावं, त्या थेंबात कुठला साबण होता एवढं..."

"छे!" थोरलीने फोन उचलून उशीखाली ठेवला आणि उशीवर बसली. "नळाचे निरोप पोचवले, खुर्च्यांचे पोचवले, तुमच्या त्या खडूंच्या डब्याचेसुद्धा पोचवले. हा निरोप काही मी नेणार नाही. हा तुमचा तुम्ही न्यायचा, पायांनी."

सकाळी मातीवाले आपल्या खोलीच्या दारात उभे राहिले. समोरचं दार चार पावलांवर होतं, पण ती पावलं टाकायला त्यांना फार वेळ लागला. दोनदा ते घसा खाकरून परत फिरले. तिसऱ्यांदा फिरणार, तोच कॉरिडॉरमधून यंत्रवाल्या बाई येताना दिसल्या. बाईंच्या नजरेला पडण्यापेक्षा साडू परवडला, असं म्हणून त्यांनी दार ढकललं.

साबणवाले सिंकपाशी उभे होते. कोपरापर्यंत फेस. समोर त्यांची क्युवेट. दाराचा आवाज ऐकून ते वळले आणि जागच्या जागी थिजले.

"भाऊजी?" बायको थोरलीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणायची, म्हणून तेही लग्नापासून तेच म्हणायचे. "घरी सगळं ठीक आहे ना? ताई?"

"ठीक आहे. सगळे ठीक आहेत." मातीवाल्यांनी पुन्हा घसा खाकरला. "ती क्युवेट धुताय का?"

"अहो, धुतोय कसली! आठवडाभर तिला सासुरवास करतोय. गरम पाण्यात घातली, आम्लात बुडवली, पुन्हा पुन्हा खंगाळली. तिच्यात कसली तरी घाण गेली होती. त्या घाणीने मला असं काही दाखवलं की माझी झोप उडाली, आणि आता घाण गेली तर ते दिसेना! आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय, स्वच्छ राहून माझं नुकसान झालं."

"ती घाण माझी होती," मातीवाले म्हणाले.

"म्हणजे?"

"माझी फुटली म्हणून तुमची घेतली. न विचारता घेतली. आणि धुतली नाही." त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. "तुमच्या क्युवेटमधे माझी माती राहिली. त्याआधी तुमचा साबण माझ्या मातीत गेला होता. थेंबभरच. आणि मला हिरवं दिसलं. मोठं, गुबगुबीत हिरवं."

साबणवाल्यांच्या कोपरांवरून फेस ठिबकत होता. त्यांचं तोंड उघडं होतं. नळ वाहत होता. मातीवाल्यांनी पुढे होऊन तो बंद केला.

"माती," साबणवाले हळूच म्हणाले.

"माती. कुठला साबण होता?"

"धन डोक्याचा."

"आणि माझ्या मातीची पानं ऋण."

दोघंही एकदमच बोलायला लागले. साबणाची धन डोकी मातीच्या ऋण पानांवर घट्ट बसली असणार. त्यांच्या शेपट्या वर राहिल्या, एकमेकींच्या जवळ आल्या, पानांच्या मधे कोरडा, तेलकट आसरा तयार झाला. मिसेल व्हायला पुरणार नाही इतक्या थोड्या साबणात मातीनेच त्यांना गोळा करून दिलं! आणि पाण्याला कंटाळलेलं पायरीन त्या आसऱ्याला धावलं. सगळं एकाच ठिकाणी धावलं, म्हणून दाटी झाली, आणि दाटी झाली म्हणून हिरवं.

"हे तुमचं तोंडपाठ झालंय की काय?" साबणवाले म्हणाले.

"आत्ता सुचलं. तुम्हाला?"

"मलाही आत्ताच."

"मग उभे काय राहिलात? हात पुसा!"

मातीवाल्यांच्या खोलीतून माती आली, साबणवाल्यांच्या कपाटातून साबण आला. खोलीचे पडदे ओढले गेले. बाहेर लख्ख ऊन आणि आत मिट्ट काळोख. साबणवाल्यांनी हातातला अतिनील दिवा लावला. परीक्षानळीत मातीचं गढूळ पाणी, पायरीन घातलेलं, नुसतंच मळकट दिसत होतं.

"भाऊजी," अंधारात साबणवाल्यांचा आवाज आला. "त्या परिषदेत मी ते जे माती खाण्याबद्दल बोललो ना... घरी आल्यावर तुमच्या मेहुणीने मला दोन दिवस धारेवर धरलं होतं. मला तेव्हाच यायचं होतं तुमच्याकडे. पण मग तुम्ही बोलेनात, मग मीही..."

"आता ते राहू द्या हो," मातीवाले म्हणाले. "थेंब सोडा."

थेंब पडला. आधी काहीच झालं नाही. मातीवाल्यांनी नळी अलगद हलवली. तळातून हिरवट निळा उजेड सुटला, धुरासारखा गोल फिरत वर आला आणि बघता बघता सगळी नळी उजळली. त्या उजेडात दोघांचे चेहरे दिसायला लागले. साबणवाल्यांच्या नाकावर अजून फेस होता. मातीवाल्यांनी छातीभर श्वास घेतला. इतकी वर्षं जी गोष्ट त्यांनी मनात पाहिली होती, ती हातात होती, आणि मनातल्यापेक्षा कितीतरी सुंदर होती. त्यांनी साडूचा खांदा धरला.

तेवढ्यात दार उघडलं आणि यंत्रवाल्या बाई उंबरठ्यात थबकल्या. अंधारात, हिरव्या उजेडात, एकमेकांना धरून उभे असलेले दोघे साडू बघून त्यांचा हात छातीवर गेला.

"अरे देवा! तुम्ही दोघं एकत्र? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही बाई," साबणवाले ओरडले. "आलं! या, आत या, दार लावून घ्या!"

बाईंनी नळी बघितली, बराच वेळ बघितली. "यंत्रात नुसती रेघ दिसते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "हे इतकं छान असतं होय?" आणि लगेच भानावर येऊन म्हणाल्या, "पण यंत्राच्या वेळा ठरल्यात तशाच राहतील. सकाळ मातीची, दुपार साबणाची."

"आणि साबण-मातीची?"

बाई विचारात पडल्या. "जेवणाच्या सुट्टीत," त्या म्हणाल्या.

म्हणून दोघं जेवण विसरून काम करायला लागले. सगळं काही गोडीगुलाबीने चाललं असं नाही. एकदा साबणवाल्यांनी उत्साहाच्या भरात साबण ओतला तो ओततच सुटले, आणि हिरवा उजेड फिका होत होत नाहीसा झाला. राहिला नुसता जांभळट.

"घालवलंत!" मातीवाले कळवळले. "सगळं पाण्यात घालवलंत! थेंब म्हटलं होतं, बादली नाही!"

"अहो, चमक वाढेल म्हणून..."

"वाढली का?"

दोघंही फुरंगटून दोन स्टुलांवर बसले. थोड्या वेळाने मातीवाल्यांनीच मान वर केली. "पण जांभळट तर आहे. म्हणजे रेणू कुठे गेलेले नाहीत. आतच आहेत."

"आतच आहेत," साबणवाले म्हणाले, "पण आता आसरे भरपूर झाले. एकाच्या वाट्याला एक. शेजारी कुणी नाही, मग जोडी कुठून होणार?"

"आमच्या घरी मुलांना वेगवेगळ्या खोल्या दिल्यावर असंच झालं. जेवायला हाका मारून घसा बसतो."

साबणवाले एवढे हसले की स्टूल कलंडलं. पण त्या चुकीतूनच कळलं की थोड्या साबणात हिरवं आणि जास्तीत जांभळट, म्हणजे रंग नुसता पाहून मातीच्या पानांत कितपत जागा भरली आहे ते सांगता येईल. त्या दुपारी दोघांनी एकाच डब्यातलं खाल्लं. डबा कुणाचा होता हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

इकडे बहिणींच्या फोनचा ओघ काही आटला नाही. उलट आता निरोपांची कटकट नव्हती, त्यामुळे त्यांना एकमेकींशी बोलायला फुरसत मिळाली. थोरलीने फर्मान काढलं की येत्या रविवारी सगळ्यांनी धाकटीकडे जेवायचं, आणि नवऱ्यांनी एकमेकांशेजारी बसायचं.

धाकटीकडे या दोघींची आई राहायची. म्हातारी तल्लख होती. विणकामाच्या सुया तिच्या हातातून जेवायच्या वेळीच काय त्या सुटायच्या. दोघे जावई बूच घट्ट लावलेली नळी आणि दिवा घेऊन आलेले बघून ती म्हणाली, "इतकी वर्षं एका घरात तोंडं वळवून बसायचे आणि आज हातात हात घालून आलेत. काय जादू आहे ती मलाही दाखवा."

सगळी वरात सामानाच्या अंधाऱ्या खोलीत शिरली. म्हातारीला एका ट्रंकेवर बसवलं. दिवा लागला, नळी उजळली. धाकटीच्या तोंडून "अय्या!" निघालं. थोरली नळीकडे न बघता नवऱ्याकडे बघत होती, आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

"याचा उपयोग काय?" म्हातारीने विचारलं.

"पाण्यातली घाण शोधून..." मातीवाले म्हणाले.

"औषधं पोटात नेमकी कुठे..." साबणवाले म्हणाले.

"एकेकाने बोला."

"अजून नीट माहीत नाही, आई," मातीवाले म्हणाले.

"बरं झालं खरं बोललात." म्हातारीने नळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "रंग मात्र छान आहे. असा रंग मी कधी विणलेला नाही. या रंगाची लोकर आणून द्या मला."

"अशी लोकर कुठे मिळते का?" धाकटी म्हणाली.

"शोधायला हे दोघे आहेत की. शोधण्याचाच पगार घेतात."

जेवणं झाली आणि दोघे साडू खरंच निघाले. मातीवाल्यांच्या शर्टाच्या खिशात नळी, साबणवाल्यांच्या हातात दिवा. कोपऱ्यावर लोकरीचं दुकान उघडं होतं. चिंचोळं, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लोकरीच्या गुंड्याच गुंड्या. दुकानदार गल्ल्यावर पेंगत होता.

"या रंगाची लोकर हवी आहे," मातीवाल्यांनी नळी पुढे केली.

दुकानदाराने डोळे चोळून पाहिलं. "हा तर मातकट झाला. मातकट हवा तेवढा आहे."

"नाही नाही, हा रंग असा दिसत नाही. अंधार करावा लागतो. तुमचं शटर जरा खाली घेता का?"

दुकानदाराने दोघांना वरपासून खालपर्यंत निरखलं. पांढरे केस, इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर आनंदच आनंद. दरोडेखोर वाटत नव्हते. त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, मग साबणवाल्यांनी खाली वाकून ते पुरतं टेकवलं आणि दिवा लावला.

नळी उजळली. पण तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. कारण दुकानातली पांढऱ्या लोकरीची अख्खी भिंत निळीशार पेटली होती. खालच्या फळीपासून छतापर्यंत एकेक गुंडी चांदण्यासारखी झळाळत होती. गल्ल्यावरच्या पावत्या झळाळत होत्या. दुकानदाराचा शर्ट, दोघा साडूंच्या कॉलरी, सगळंच.

"अहो, काय केलंत हे?" दुकानदार खुर्चीवरून उठून स्वतःच्या बाह्या चाचपायला लागला. "माझ्या मालाला काय केलंत?"

"आम्ही काही केलं नाही हो," साबणवाले म्हणाले. "पांढरं जास्त पांढरं दिसावं म्हणून उजळणारे रेणू लोकरीत घालतात, कपडे धुवायच्या पावडरीत घालतात. तेही असेच कड्यांचे रेणू. आम्हाला ठाऊक होतं. पण असं, सगळं एकदम..."

"मी कधी पाहिलं नव्हतं," मातीवाले म्हणाले.

"मी तर जन्म काढला या दुकानात," दुकानदार म्हणाला, "आणि मीही नाही." तो फळ्यांपाशी गेला, एक गुंडी काढली, ओंजळीत धरली. मग मागच्या दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "अगं ए, बाहेर ये! आधी ये, मग विचार!"

त्याची बायको ओले हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. तिच्या मागून शेजारचा शिंपी डोकावला. शिंप्याचा पांढरा दोरा कानावर होता, तोही पेटला, आणि सगळे त्याला बघून हसायला लागले. शिंपी बिचारा कान झटकत राहिला.

मातीवाल्यांच्या खिशातला फोन वाजला. थोरली होती.

"अहो, आहात कुठे? आई विचारतेय. लोकर मिळाली का?"

"लोकर राहू दे," मातीवाले म्हणाले. त्यांनी दिव्यासमोर स्वतःची बाही धरली होती आणि ती उलटसुलट करून बघत होते. "तुम्ही सगळ्या इकडे या आधी. आणि येताना पांढरं काहीतरी घालून या."